उरलेलं नववं मत

एफ्रेम बफाँज निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्याकडून सगळ्यांची एकच अपेक्षा होती, त्याने पडावं. त्याच्या पक्षाची होती, त्याच्या बायकोची होती आणि मुख्य म्हणजे त्याची स्वतःची होती. एवढी साधी गोष्ट त्या माणसाला जमली नाही.

एफ्रेम आचारी. आमच्या मॉन्टसेरात बेटावर बारसं, लग्न, मयत आणि पक्षाची सभा या चार गोष्टी गोट वॉटरशिवाय पार पडत नाहीत. नावात पाणी आहे, पण असतो तो बकऱ्याचा दाट, लवंगेचा रस्सा, आणि तो रॉकेलच्या मोठ्या डब्यात, लाकडांवरच शिजावा लागतो. गॅसवर केलेला लोक खातात, पण त्या माणसाला पुन्हा बोलावत नाहीत. कजो हेड गावात माझं रमचं दुकान आहे आणि दुकानामागच्या अंगणात एफ्रेमची चूल, म्हणून हा माणूस मी आयुष्यभर शेजारून पाहिला. बुटका, रुंद, धुराने डोळे कायम लाल. बोलायचा कमी आणि नाही तर कुणालाच म्हणायचा नाही. दोनच गोष्टींबद्दल तो ठाम होता. एक, लवंग शेवटी टाकायची. दोन, आचाऱ्याला पक्ष नसावा. पिवळ्यांच्या सभेला त्याचाच डबा आणि निळ्यांच्या सभेलाही त्याचाच. बेटावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं ते फक्त त्याच्या डब्यावर.

पक्ष ही आमच्याकडे फार टिकाऊ वस्तू नाही. निवडणूक जवळ आली की पक्ष जन्माला येतो, त्याचं नाव ठेवतात, टी-शर्टाचा रंग ठरतो. मग सरकार येतं, मग भांडण, मग पुढच्या खेपेला नवं नाव आणि नवा रंग. जुने टी-शर्ट फरशी पुसायला जातात. कुणाच्याही मोरीत डोकावलं की त्या घराने किती सरकारं पाहिली ते कळतं. माणसं मात्र तीच असतात. ज्वालामुखीने अर्धं बेट राखेखाली घातल्यावर दुसरी आणायची कुठून? सरकारच्या खर्चाचा मोठा वाटा लंडनहून येतो, गव्हर्नरही तिथूनच येतो, त्यामुळे पक्षापक्षांत खरा मतभेद एवढाच, की लंडनला पत्र लिहायचं ते विनवणीचं की रागाचं.

पूर्वी मतदारसंघ वेगवेगळे होते. दक्षिणेकडचे राखेत गेले आणि तिथले मतदार उत्तरेला आमच्या अंगावर आले, तेव्हा सगळ्या बेटाचा मिळून एकच मतदारसंघ झाला. जागा नऊ, आणि प्रत्येक मतदाराला मतंही नऊ. वाटलं तर नऊ जणांना द्या, वाटलं तर एकालाच एक देऊन बाकीची कोरी सोडा. ज्यांना सर्वांत जास्त मतं पडतील ते पहिले नऊ निवडून येतात. आता माणूस पहिली पाच-सहा मतं विचार करून देतो, पुढची दोन बायकोशी भांडून देतो. नववं उरतं. हे उरलेलं मत भिडेचं. ज्याने कधी गाडीला धक्का मारला, ज्याच्या आईच्या मयताला जाता आलं नाही, त्याला ते जातं. यात कुणाचं काही जात नाही, असं प्रत्येकाला वाटतं.

एफ्रेमची बायको फिलोमिना, आम्ही मेना म्हणतो. ती माहेरची कर्नन. तिचा भाऊ ऑगस्टस कर्नन, म्हणजे गस, चार निवडणुका ओळीने निवडून आला होता, आणि त्या खेपेला त्याचा जो रंग असेल तो मेनाचा रंग. तेव्हा तो निळा होता. मेना नऊ मतांतलं एकच द्यायची, गसला. बाकी आठ कोरी. "दुसऱ्याला दिलं की तो माझ्या भावाच्या पुढे सरकतो," ती म्हणायची. हिशोब बरोबर होता, आणि तिला आयुष्यात कुणी तो चुकवायला लावला नव्हता.

गसची गोष्ट वेगळी. प्लिमथ शहर होतं तेव्हा तिथे त्याचं दुमजली घर होतं आणि खाली फोटोचं दुकान. अर्ध्या बेटाच्या लग्नाचे फोटो त्याने काढलेले. घर, दुकान आणि फोटोंच्या पट्ट्या सगळं एका राखेखाली आहे. बायको बहिणीकडे म्हणून इंग्लंडला गेली ती तिकडचीच झाली. आता तो लुकआउटच्या सरकारी वसाहतीत दोन खोल्यांत एकटा राहायचा, आणि दाराला पितळी पाटी, 'माननीय ऑगस्टस कर्नन, सभासद, विधानसभा'. मंत्री तो कधी झाला नाही. सभागृहात बोलायला उभा राहिला की बाकीचे चहाला जायचे. पण ती जागा होती म्हणून तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचा. जागा गेली तर या माणसाला सकाळी उठायला कारण उरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या वर्षी पिवळ्यांचा पुढारी क्लेमंट फरलाँज माझ्या दुकानात आला तो थेट मागच्या अंगणात गेला. त्याचा नववा उमेदवार गुडघ्याच्या ऑपरेशनला अँटिग्वाला गेला होता.

"एफ्रेम, तुझं नाव घालतो," क्लेमंट म्हणाला.

"कशात?"

"यादीत. आठच नावं राहिलीत. आठ नावांचा पक्ष म्हणजे पुढचा दात पडलेला नवरदेव. लोक तोंडाकडेच बघतात."

"मला राजकारणातलं काही कळत नाही."

"मग काय, आम्हाला कळतं? अरे, तुला निवडून थोडंच यायचंय! तू पडणार. माझा शब्द."

एफ्रेम डावाने डबा ढवळत राहिला. बराच वेळ ढवळला. नाही म्हणायचं असेल तर त्याला एवढाच उपाय माहीत होता. क्लेमंटला तो कळला नाही, किंवा कळला आणि फायद्याचा नव्हता. शेवटी एफ्रेम म्हणाला, "बरं." भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मेनाला हे सांगायला त्याने मला बरोबर नेलं. ती हिरवी केळी सोलत होती. ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली.

"नक्की पडशील ना?"

"क्लेमंटने शब्द दिलाय."

"राजकारण्याचा शब्द?"

"हा एक त्यांना पाळता येईल," मी म्हटलं.

"तू गप रे टायटस." मग नवऱ्याकडे वळून ती सावकाश बोलली. "कबूल केलंयस तर उभा राहा. माणसाने शब्द पाळावा. पण माझ्या भावाच्या जागेला धक्का लागला तर या घरात तुझं पान वाढलं जाणार नाही. ऐकलंस?"

"ऐकलं," एफ्रेम म्हणाला.

आणि त्याने खरंच जिवापाड प्रयत्न केले. जो भेटेल त्याला तो सांगायचा, "मला नको, गसला द्या." लोक हसायचे. "दोघांना देतो की! नऊ आहेत, कमी आहेत का?" ट्रकवर उभं करून क्लेमंटने त्याच्या हातात माइक दिला तेव्हा तो म्हणाला, "मी एफ्रेम. रस्सा झालाय." खाली उतरला. त्या निवडणुकीतलं सर्वांत चांगलं भाषण तेच, असं निळेसुद्धा म्हणत.

तिकडे मेना घरोघर फिरली. कर्नन घराणं मोठं. मावश्या, चुलते, मामेभावंडं, त्यांचे सुना-जावई. प्रत्येकाला बजावलं, एकच मत, गसला, बाकी कोरी. सगळ्यांनी शपथा घेतल्या. रूथी मावशीने तर बायबलवर हात ठेवला, न सांगता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या मनात होती. आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराची मतं रेडिओवर नावानिशी वाचतात. मागच्या खेपेला शेवटच्या नंबरावर आलेल्या माणसाला जितकी मतं पडली त्याहून त्याची सख्खी चुलतभावंडं जास्त होती. त्याने चर्च बदललं. लग्नाला बोलावणं आलं की तो आजारी पडायचा. एफ्रेमसारख्या भल्या माणसाचं असं होऊ नये, ही काळजी बेटावर घराघरांत होती, आणि प्रत्येक घराला वाटत होतं की ती आपल्यालाच आहे.

गस स्वतः एकदा अंगणात आला. वाटी पुढे केली, एक घोट घेतला.

"दाजी, किती मतं मिळतील?"

"तुमच्यापेक्षा कमी."

"चाळीस?"

"देवाची कृपा असेल तर."

गसला त्याची दया आली. ती लपवण्याइतका तो हुशार नव्हता. "घाबरू नका हो," तो म्हणाला आणि एफ्रेमच्या खांद्यावर थोपटलं. तेवढा मोठेपणा तेव्हा त्याला परवडत होता.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग लागली. एफ्रेम आत गेला आणि लगेच बाहेर आला. एकच मत दिलं, गसला. स्वतःच्या नावापुढे फुली मारणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. मेना मात्र आत बराच वेळ होती. बाहेर आली ती कुणाशी न बोलता सरळ घरी गेली.

निकाल रेडिओवर लागला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ नावं झाली, पिवळे चार, निळे चार. नववं नाव वाचण्याआधी निवेदकाने पाणी प्यायलेलं ऐकू आलं. एफ्रेम बफाँज. दहावं नाव ऑगस्टस कर्नन, अकरा मतांनी कमी.

कुणी टाळी वाजवली नाही. एफ्रेम उठून मागे गेला आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढू लागला. चूल पेटलेलीच नव्हती.

पिवळ्यांचे पाच झाले होते, म्हणजे सरकार क्लेमंटचं आणि ते एफ्रेमच्या एका खुर्चीवर उभं. क्लेमंट धावत आला. आनंद आणि शरम एकाच चेहऱ्यावर मावत नव्हती. "मी शब्द दिला होता रे," तो म्हणाला. "पाळता आला नाही." आमच्या राजकारणात याबद्दल कुणी माफी मागितल्याची ही पहिलीच वेळ.

सकाळपासून एफ्रेमच्या घरी माणसं यायला लागली. पहिली रूथी मावशी. दारातच रडायला लागली.

"एकच दिलं रे तुला. तुझी शोभा व्हायला नको म्हणून! मला काय माहीत बाकीचे मेले शब्द मोडतील?"

मग पोस्टातला चुलतभाऊ. "एकच दिलं. कर्नन मंडळी तर कुणी देणार नाहीत, म्हटलं आपण तरी..." मग मेनाची मामेबहीण आणि तिचा नवरा, एकमेकांपासून लपवून दिलेलं, ते दोघांना एकमेकांसमोर दारातच कळलं. दुपारपर्यंत अकराच्या वर माणसं येऊन गेली. प्रत्येकाने एफ्रेमची लाज राखली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्यावर चिडलेला होता. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पन्नासमुखी भीड बोलली होती.

मेना स्वयंपाकघरात पीठ मळत होती. सगळं ऐकत होती. एकाही नातेवाइकाला तिने फैलावर घेतलं नाही, पाणीसुद्धा विचारलं. मला ते विचित्र वाटलं. मेना अशी नव्हे. मी तिला म्हटलं, "बोल की काहीतरी." ती म्हणाली, "हात पिठाचे आहेत."

संध्याकाळी एफ्रेम म्हणाला, "मी राजीनामा देतो. शपथच घेत नाही. मग एका जागेसाठी पोटनिवडणूक लागेल, गस उभा राहील, मी घरोघर त्याच्यासाठी फिरेन. झालं."

त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी प्रथमच ऐकलं. मेनाने मान हलवली. "उद्या चर्च झालं की जाऊ. रस्सा आणि पाव घेऊन."

रविवारी डबा माझ्या पिकअपमध्ये चढवला, मेना पुढे बसली, एफ्रेम मागे डबा धरून. लुकआउटला दारावरची पाटी जागच्या जागी होती. गसने दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. आम्ही कुठे जायला निघालात असं विचारलं नाही. रविवारी चर्च तर तो चुकवून बसला होता.

एफ्रेमने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. राजीनामा, पोटनिवडणूक, घरोघर फिरणं. गसचा चेहरा उजळला. मला स्पष्ट दिसलं. तो लगबगीने खुर्च्या मांडायला लागला, म्हणाला, "बसा, बसा. म्हणजे तसा कायदा आहेच. मी तेच कालपासून..." मग एक खुर्ची त्याच्या हातात तशीच राहिली.

"एक जागा," तो म्हणाला.

"हो," एफ्रेम म्हणाला.

"म्हणजे मत एकेकाला एकच."

"एकच."

गस त्या खुर्चीवर स्वतःच बसला. मला विचारलं, "टायटस, तुला आठवतं सगळं. चार वेळा मी कितवा आलो?"

मी म्हटलं, "निवडून आलास ना, मग झालं."

"कितवा?"

"आठवा, नववा. मग पुन्हा आठवा. मागच्या खेपेला नववा."

"नववा," गस म्हणाला. खिडकीकडे बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्याची पाण्याची टाकी होती. "उरलेलं मत कुणाला द्यायचं, तर द्या त्या बिचाऱ्या गसला, त्याचं घर गेलं, बायको गेली. असंच ना? आणि मी वीस वर्षं समजत होतो की माझी भाषणं..." तो थांबला. "ज्याच्याकडे एकच मत आहे तो ते मला कशाला देईल? मेनाचं सोड. मेनाने आयुष्यात दुसऱ्या कुणाला मत दिलेलं नाही."

"दिलं," मेना म्हणाली.

एफ्रेमने उघडलेलं झाकण पुन्हा डब्यावर ठेवलं.

"तुलाही दिलं," ती म्हणाली, "आणि यालाही दिलं. मला वाटलं, याला दुसरं कुणीच देणार नाही. मीच घरोघर सांगून आले होते, नका देऊ म्हणून. नवरा आहे माझा, गस. शून्य वाचलं असतं रे रेडिओवर."

गसने मान डोलावली, फिर्याद ऐकून घेतल्यासारखी. मग हळूच विचारलं, "पहिली फुली कुणाच्या नावापुढे मारलीस?"

मेनाने वर बघितलं नाही. "कागदावर त्याचं नाव वर होतं."

"हो," गस म्हणाला. "यादी तशीच असते." थोड्या वेळाने म्हणाला, "मीपण एक दिलं दाजींना. तेव्हा तू एकटीच नाहीस."

एफ्रेम डब्याशेजारी खाली बसला. "मी तुम्हालाच दिलं होतं," तो म्हणाला. "मला नाही दिलं."

"मग पोटनिवडणुकीत माझ्याकडे दाजींचं एक धरू. टायटस, तुझं एकच असतं तर?"

मी पाव मोडायला घेतला. ताजा पाव, मोडायला तसा वेळ लागत नाही. मी लावला.

"म्हणजे एकच," गस म्हणाला. माझ्यावर तो रागावला नाही, हे मला आजही सहन होत नाही.

"गस, मी फिरेन ना," एफ्रेम म्हणाला. "सगळ्यांना सांगेन."

"सांगाल. आणि तुमच्या तोंडावर सगळे हो म्हणतील. मला रस्त्यात धरून म्हणतील, माननीय, मत तुम्हालाच. मग मोजणी होईल." तो उठला, कपाटातून चार वाट्या काढल्या, फडक्याने पुसल्या. फडकं जांभळं होतं, त्याच्या पहिल्या निवडणुकीचं. "राजीनामा देऊ नका, दाजी. आता मी एका आचाऱ्याकडून अकरा मतांनी पडलोय. बेटावर सगळे हळहळतायत. एवढ्यावर मला राहू द्या. त्यापुढचं मला कळायला नको."

एफ्रेमने बायकोकडे बघितलं. मग गसकडे. आयुष्यभर तो ज्या शब्दाने अडचणीत आला तोच त्याच्याकडे होता.

"बरं," तो म्हणाला.

मेना तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडायला लागली. गसने तिच्यापुढे वाटी धरली.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "वाढ."